मेरीमातेला आभाराचं पत्र

माझगावच्या आमच्या शाळेत जिन्याखाली मेरीमातेचा पुतळा होता आणि पुतळ्याच्या पायाशी एक लाकडी पेटी. पेटीच्या झाकणाला फट होती. ज्या मुलीला जे हवं असेल ते तिनं चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठीच्या चार घड्या घालायच्या आणि फटीतून आत सोडायची. मागितलेलं मिळालं की सोमवारच्या असेंब्लीत स्टेजवर उभं राहून आभाराचं पत्र वाचायचं, हा शाळेचा जुना शिरस्ता. खरं तर हे कॅथलिक मुलींसाठी होतं. पण पेटीत जास्त चिठ्ठ्या पडायच्या त्या आमच्या, म्हणजे लालबाग, काळाचौकी, शिवडीहून बसने येणाऱ्या मुलींच्या. कुठलाही देव समोर आला की त्याच्याकडे काहीतरी मागून ठेवायचं, ही सवय आम्हाला घरूनच होती.

मी तिसरीपासून चिठ्ठ्या टाकत होते. गणित, पुन्हा गणित, गॅदरिंगच्या नाचात पहिली रांग, मग परत गणित. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस काढून झाला की मी बोटं दोन्ही डोळ्यांना लावायची. ही माझी घरची भर होती. शाळेत कोणी त्याला हरकत घेतली नाही. आई लालबागला मसाल्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना मिरच्या निवडून द्यायची. जगातल्या सगळ्या मेरीमाता तिच्या लेखी वांद्र्याची मोतमावलीच. 'शाळेत त्यांचं, घरात आपलं' एवढा एकच नियम तिने मला घालून दिला होता. बाबा गोदीत फिटर होते. देवाधर्माबद्दल त्यांना फारसं मत नव्हतं. त्यांची ठाम मतं होती ती मासळीबद्दल.

आठवड्यातून एकदा आमचा वर्ग दुभंगायचा. कॅथलिक मुली कॅटेकिझमला चॅपलमध्ये जायच्या आणि आम्ही उरलेल्या वर्गात बसून मॉरल सायन्स शिकायचो. त्यांना देव, आम्हाला नीती. मॉरल सायन्स आमच्या वर्गशिक्षिकाच घ्यायच्या. त्या नन होत्या, वसईकडच्या, पन्नाशीतल्या, गुडघ्यांनी अधू. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या घरी पाणी येत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आम्ही त्यांना नुसतं सिस्टर म्हणायचो. बाकीच्या नन्सना नावानं सिस्टर, आणि या नुसत्या सिस्टर.

मी मूळची भांडखोर. नववीत एकदा मी उभी राहून विचारलं, "सिस्टर, मेरीमातेला जर आपल्या मनातलं सगळं कळतं, तर चिठ्ठी लिहायची कशाला?" वर्ग खिदळला. दुसरी एखादी टीचर असती तर तिने मला बाहेर उभं केलं असतं. सिस्टरांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चिठ्ठी तिच्यासाठी नसते गं. तुझ्यासाठी असते. लिहिलं की आपलं आपल्याला कळतं, आपल्याला काय हवंय ते."

त्या खरं बोलल्या. माझी श्रद्धा लंगडी झाली ती त्या खऱ्या उत्तरानं. चिठ्ठी माझ्यासाठीच असेल तर पेटीला फट कशाला हवी, मी वहीत लिहीन की. मी चिठ्ठ्या बंद केल्या. मनात धाकधूक होती, पण गणितात जेवढे मार्क पडायचे तेवढेच पडत राहिले. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण झालं उलटंच. कोणीतरी आपल्याकडे बघत होतं आणि आता तिथं कोणी नाही, असं वाटायला लागलं. घरी काही बोलले नाही. देव्हाऱ्यातल्या गणपतीलाही तेव्हापासून मी नुसता हात लावायची, डोळे मिटायची नाही.

दहावीच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर दोन दिवस धो धो पाऊस पडला. बाबा गोदीतून लालबागपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले. पायाला कुठंतरी खरचटलं होतं, त्यावर हळद दाबून आंघोळ करून जेवले आणि मला म्हणाले, "आज फुकटात पोहून आलो." आठवड्याभराने त्यांना ताप भरला. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. परळच्या सरकारी इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, साचलेल्या पाण्यातून चाललात का. लेप्टो होता. मूत्रपिंडं बंद पडत आली होती, छातीत पाणी झालं होतं. त्याच संध्याकाळी त्यांना व्हेंटिलेटर लावला.

आयसीयूत त्यांची सहावी खाट. सातव्या खाटेवर वरळीचे एक गृहस्थ होते, एका ऑफिसात शिपाई. तेही पाण्यातूनच चाललेले, तोच आजार, तीच पिवळी नखं, नळ्याही तेवढ्याच. आत एका वेळी एकालाच सोडायचे, तेही चार ते सहा. बाकीचा वेळ सगळ्या पेशंटांची माणसं बाहेरच्या पॅसेजमध्ये चटया टाकून बसलेली. आमची चटई आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे वरळीच्या काकूंची चटई एकमेकींना चिकटून होती. पहिल्याच दिवशी काकूंनी आईला चहा दिला आणि दोघींचं जमलं.

सप्टेंबरात मेरीमातेचा वाढदिवस येतो. त्याच्या आधी नऊ दिवस शाळेत नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना चालते. त्या वर्षी नोव्हेना सुरू झाली त्याच दिवशी सिस्टरांना बाबांचं कळलं. त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं की यंदाचे नऊही दिवस आपण हिच्या बाबांसाठी मागायचं. मुलींनी ते मनावर घेतलं. माझ्या बाकावरची मैत्रीण कॅथलिक होती, तिने नऊ दिवस चॉकलेट सोडलं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल, पण ती मुलगी चॉकलेटसाठी सख्ख्या भावाला विकून आली असती. सिस्टर स्वतः रोज गुडघ्यांवर बसायच्या आणि उठताना बाकाला धरून उठायच्या. त्यांच्या कॉन्व्हेंटमधून आईसाठी रोज दुपारी डबा यायचा.

पहिल्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सिस्टरांनी माझ्या हातात कोरा कागद ठेवला. "तुझी चिठ्ठी तूच लिही," म्हणाल्या आणि मला एकटीला सोडून गेल्या.

मी जिन्यात बसले. पेन उघडलं. 'बाबांना' एवढा शब्दही मला लिहवेना. विश्वास नव्हता म्हणून लिहिलं नाही असं आता सांगितलं तर बरं दिसेल, पण ते खरं नाही. मी घाबरले होते. लिहिलं आणि बाबा गेले तर पुढं मला कोणाच्या तोंडाकडे बघायचं ते कळत नव्हतं. आणि न टाकताच उठले तर, न जाणो, तेवढ्यासाठीच ते जायचे. शेवटी मी कोऱ्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो पेटीत सोडला. धड विश्वास नाही, धड अविश्वास नाही. कोणालाच सांगितलं नाही.

आमचे थोरले काका गणपतीसाठी आधीच गावी गेले होते. बाबांचं ऐकून ते निघणार होते, पण घरचा गणपती टाकून कसं यायचं. म्हणून त्यांनी गणपतीपुढं उभं राहून फोनवरून गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे देवाला साकडं घालायचं ते मनातल्या मनात नाही. घरातला जाणता माणूस ते मोठ्यानं बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार देतात. त्याच संध्याकाळी आईनं फोन स्पीकरवर टाकला आणि पॅसेजमधल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"बा देवा म्हाराजा!" काकांचा आवाज सगळ्या पॅसेजभर झाला. "आज ह्या कुटुंबावर जा काय संकट इला हा, ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"जा काय चुकला-माकला आसात ता पदरात घी, आणि माझ्या भावाक उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी काकूही म्हणाल्या. तिसऱ्या वाक्याला सगळा पॅसेज म्हणायला लागला. मदनपुऱ्याचे एक म्हातारे चाचा कोपऱ्यात बसले होते, ते दर वेळी "आमीन" म्हणत होते. आणि सगळ्यात मोठा आवाज होता तो एका लहान मुलीचा. ती काकूंच्या मांडीला टेकून बसली होती, दोन वेण्या, पायात शाळेचे बूट. अंगात आमच्याच शाळेचा युनिफॉर्म होता.

गाऱ्हाणं संपल्यावर काकांनी मला फोन द्यायला सांगितला. "तुझ्या शाळेतल्या देवीक पण सांगून ठेव गो," म्हणाले. "येक वशिलो जास्त आसलेलो बरो."

ती मुलगी पाचवीत होती. जूनमध्येच महापालिकेच्या मराठी शाळेतून आमच्याकडे आली होती. तिच्या पप्पांनी फार खटपट करून तो प्रवेश मिळवला होता. मला बघून ती सरकत सरकत आमच्या चटईवर आली.

"ताई, तू पण आपल्याच शाळेत ना? ती जिन्याखालची पेटी आहे, त्यात आपल्याला चिठ्ठी टाकली तर चालते का?"

"चालते की. आमच्या वर्गात सगळ्या टाकतात."

"मी कॅथलिक नाहीये."

"मी तरी कुठं आहे?"

तिने विचार केला. "पण इंग्लिशमध्येच लिहावी लागत असेल ना? मला अजून नीट येत नाही."

"मराठीत लिही," मी म्हणाले. "तिला सगळ्या भाषा कळतात. आधी नमस्कार लिही, मग पप्पांचं नाव, वॉर्ड, खाट नंबर. मग काय झालंय ते नीट सविस्तर लिही. घाई करू नको."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तीन तासांपूर्वी कोरा कागद टाकून आलेली मी, आणि या पोरीला खाट नंबर लिहायला सांगत होते. मला ती आवडली होती, तिला काहीतरी करायला मिळावं असं वाटलं होतं, हेही खरं. तिने माझ्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि पॅसेजच्या दिव्याखाली पालथी पडून लिहायला लागली. पान दोन्ही बाजूंनी भरलं. मला दाखवू का म्हणाली, तर मी म्हटलं, "नको, ती फक्त तिनंच वाचायची असते." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पेटीपुढं टाचा उंच करून उभी असलेली मी पाहिली.

नोव्हेनाच्या सहाव्या दिवशी चार वाजता मी इस्पितळात पोहोचले. आई पॅसेजच्या टोकाशी उभी होती. "सकाळी गेले," ती म्हणाली. मग तिने शेजारच्या रिकाम्या जागेकडे हात केला. काकूंची चटई तिथं नव्हती. "आणि तुझे बाबा बोलले गं," आई त्याच श्वासात म्हणाली. "नळी काढली. पाणी मागितलं." ती हसत होती आणि रडत होती.

मी आत धावले. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "बांगडा काय भाव?" मी खाटेची दांडी धरून हसत सुटले. सातव्या खाटेवर धुतलेली चादर ताणून बसवली होती, ती मला दिसत होती. पण मला आनंद झाला. नुसता आनंद, दुसरं काही नाही. त्या आनंदाची लाज मला दोन दिवसांनी वाटायला लागली आणि ती अजून गेलेली नाही.

बाबा महिन्याने घरी आले. चाळीत सगळी माणसं भेटायला येत होती आणि जो तो तेच म्हणत होता, देव तारी त्याला कोण मारी. चौथ्या की पाचव्या माणसाने म्हटल्यावर माझा तोल गेला. "मग सातव्या खाटेवरच्यांना कोणी मारलं?" मी विचारलं. चहाचे कप हातातच राहिले. आईनं मला आत ओढलं आणि दंडाला असा चिमटा घेतला की दोन दिवस काळा-निळा डाग होता. काकांनी गावच्या देवाचा नवस फेडायचं ठरवून टाकलं होतं. बाबा मात्र निवांत होते. "सगळ्यांना थँक्यू म्हणून टाक," ते म्हणाले. "देवांना, डॉक्टरांना, सिस्टरना. कोणाला नाराज कशाला करायचं?"

शाळेत सिस्टरांनी विचारलं, आभाराचं पत्र कधी वाचतेस? मी पत्र लिहून नेलं. त्यात वर्गातल्या मुलींचे आभार होते, नोट्स उतरवून देणाऱ्यांचे होते, आईच्या डब्याबद्दल कॉन्व्हेंटचे होते. सिस्टरांनी ते वाचून चष्मा काढला.

"आणि मदर मेरी?"

"सिस्टर, बाबांच्या शेजारी एक काका होते. त्यांची मुलगी आपल्याच शाळेत आहे, पाचवीत. तिने पण चिठ्ठी टाकली होती."

"मला माहीत आहे ते," सिस्टर हळू म्हणाल्या. "देवाची इच्छा आपल्याला कळत नाही, बाळा."

"मग माझ्या बाबांच्या वेळी कशी कळली?"

सिस्टरांनी चष्मा पुन्हा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पत्र घडी करून मला परत दिलं. "तुला वाचायचं नसेल तर नको वाचूस," म्हणाल्या. "मी कोणाला काही सांगणार नाही."

मला सुटका मिळाली होती. ती मी घेतली नाही. बाकावरची मैत्रीण रोज विचारत होती, "कधी वाचणार? मला पहिल्या रांगेत बसायचंय." तिने नऊ दिवस सोडलेलं चॉकलेट मला दिसत होतं. आई म्हणाली, "त्या बाईनं दुखऱ्या गुडघ्यांनी नऊ दिवस केलं, तुला दोन ओळी वाचायला जड जातं?" आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, ती मी कोणाजवळ बोलले नाही. वाचलं नाही आणि बाबांना पुन्हा ताप आला तर? मी ज्याच्यावर विश्वास नाही म्हणत होते त्याला मी घाबरतच होते. तीन दिवसांनी मी आपणहून सिस्टरांकडे गेले आणि विचारलं, काय लिहू? त्यांनी सांगितलं तसं मी माझ्या हाताने, चांगल्या अक्षरात, मेरीमातेच्या मध्यस्थीने माझ्या वडिलांचे प्राण वाचले, अशी इंग्रजीत ओळ लिहिली. आणि माझी प्रार्थना तिने ऐकली, अशी दुसरी.

सोमवारी मी स्टेजवर उभी राहिले. आमच्या हॉलमध्ये लहान वर्ग पुढं जमिनीवर बसतात आणि मोठे मागे खुर्च्यांवर. हे मला सात वर्षं माहीत होतं, आणि तरी तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाचवीची रांग तिसरी होती. ती मांडी घालून, मान वर करून बसली होती. तेरावं होऊन शाळेत आलेली होती. रडत नव्हती. माझा प्रत्येक शब्द ती कान देऊन ऐकत, माझ्याकडे बघत होती, ओठ किंचित हलत होते. वर्गात टीचर गणिताची रीत फळ्यावर लिहितात तेव्हा मुली जशा बघतात तशी. 'माझी प्रार्थना' या शब्दांवर माझा आवाज फाटला. सगळ्यांना वाटलं मला गहिवरून आलं. टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीशी सिस्टर डोळे पुसत उभ्या होत्या, आणि बाकावरची मैत्रीण तर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी तेव्हाच उतरून तिच्याकडे जायला हवं होतं. गेले नाही. दोन तास वर्गात बसून राहिले, फळ्यावरचं एक अक्षर उतरवलं नाही. मधल्या सुट्टीत मुद्दाम वरच्या मजल्यावर थांबले. तिने मला तिथं शोधून काढलं. हातात डबा होता, अजून न उघडलेला.

"ताई, तुझे बाबा घरी आले?"

"हो."

"चालतात?"

"थोडं थोडं."

"माझे पप्पा गेले."

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "मी मराठीत लिहिली होती. तू चालते म्हणालीस म्हणून. पण तू आज इंग्लिशमध्ये वाचलंस ना, म्हणून विचारते. इंग्लिशमध्ये लिहायला हवी होती का?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पेपर मिळाल्यावर माझे मार्क कुठं गेले असं विचारावं, तसं ती विचारत होती. हो म्हटलं असतं तर मी सांगितलेल्या चुकीनं तिचे पप्पा गेले असते. नाही म्हटलं असतं तर तिचं सगळं बरोबर होतं आणि तरी तिला मिळालं नाही, असं झालं असतं. मला सिस्टरांची आठवण झाली. चिठ्ठी आपल्यासाठी असते, हे वाक्य तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं. दहा वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं? मग मी ठरवलं की निदान हिच्याशी तरी खरं बोलायचं. तेवढ्याने तिच्यावरचं ओझं उतरेल अशी माझी समजूत होती.

"ऐक," मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "मी पत्रात वाचलं ते खोटं होतं. मी काही मागितलंच नव्हतं. माझी चिठ्ठी कोरी होती."

"कोरी?"

"एक अक्षर पण लिहिलं नव्हतं. नुसता कागद टाकला. कळलं का तुला? चिठ्ठीनं काही होत नाही. तुझं काही चुकलेलं नाही."

तिच्या कपाळावर आठी पडली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खाली डब्याकडे बघितलं, आणि सगळं तिच्या मनात नीट लागलेलं मला दिसलं.

"म्हणजे तुला तिनं न मागताच दिलं," ती म्हणाली. "आणि मी दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं."